स्वतःचे काम

सूचना आली तेव्हा ज्योत्स्ना कापगते फॉर्मालिनच्या बरण्या पुसत होती. तालुक्याच्या कॉलेजात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत ती बावीस वर्षं सहायक होती. बरण्यांतले मासे तिच्या ओळखीचे होते, आणि दर हिवाळ्यात त्यांची काच ती स्वतः पुसायची. फोन वाजला म्हणून तिने हात कोरडे केले आणि वाचलं.

"सदस्य ज्योत्स्ना का., आपण 'स्वतःचे काम' म्हणून जनकोशावर चढवलेली ४१२ छायाचित्रे आपण नोंदवलेल्या कॅमेऱ्याच्या ठशाशी जुळत नाहीत. तीस दिवसांत खुलासा करावा. ही सूचना यंत्राने पाठवली आहे. कृपया वैयक्तिक घेऊ नये."

शेवटचं वाक्य वाचून तिला हसू आलं. ते तिनेच लिहिलेलं होतं. दोन वर्षांपूर्वी सूचनेचा मसुदा ठरला तेव्हा, नव्या सदस्यांना भाषा बोचते म्हणून तिने ते घालायला लावलं होतं.

जनकोश म्हणजे लोकांनी मिळून लिहिलेला ज्ञानकोश. कोणीही लिहावं, कोणीही सुधारावं, कोणाला पगार नाही. ज्योत्स्ना तिथे बारा वर्षांपूर्वी आली ती माशांमुळे. सोनेझरीचा तलाव तिच्या घरापासून अर्ध्या कोसावर. पूर्वजांनी बांधलेला, अडीचशे वर्षांचा. त्यातल्या काटव्यावर, मरळीवर, वामेवर मराठीत एक ओळ सापडत नव्हती. तिने लेख लिहायला घेतले. लेखाला चित्र लागतं. चित्रं चढवता चढवता प्रताधिकाराचे नियम तिला तोंडपाठ झाले, आणि मग लोकांनी कौल देऊन तिला प्रचालक केलं. म्हणजे चूक दिसली तर चित्र काढून टाकण्याचा अधिकार आला.

तो तिने हात राखून वापरला नाही. वेंगुर्ल्याचे एक शिक्षक होते, सुहास पेडणेकर. त्यांच्या वडिलांनी तीस वर्षं दशावतारी नटांचे फोटो काढले होते. वडील गेल्यावर पेडणेकरांनी त्यांतले एकसष्ट फोटो जनकोशाला दिले. ज्योत्स्नाने विचारलं, हक्क सगळ्या वारसांचा असतो, चारही भावंडांच्या सह्या आहेत का? एका भावाशी त्यांचं बोलणं नव्हतं. तिने महिनाभर वाट पाहिली आणि एकसष्टही फोटो काढून टाकले. पेडणेकरांनी चर्चापानावर लिहिलं, "नियम तुम्ही बरोबर लावलात. माणूस तुम्हाला दिसला नाही." ती ओळ तिला बरेच दिवस टोचली. तरी आपण चुकलो असं तिला वाटलं नाही.

मग ती मोठी लाट आली. यंत्राने रंगवलेली चित्रं पोत्यांनी येऊन पडायला लागली. खऱ्यासारखी, खऱ्याहून देखणी. एकाने मरळीचा फोटो दिला, तिला कल्ल्यांची एक जोडी जास्त होती. लेख लिहिणाऱ्या कोणाला कळलं नाही, शाळेच्या पुस्तकात तो छापून आला. बरण्या पुसणाऱ्या ज्योत्स्नाला कळलं. "सद्भाव गृहीत धरा" हा जनकोशाचा पहिला शिष्टाचार. समोरचा चांगल्या मनानेच आला आहे असं मानून चालायचं. पण समोर माणूसच नसेल तर सद्भाव कोणाचा धरायचा? अशा वेळी ठशाचं यंत्र आलं, आणि त्याच्या बाजूने सगळ्यात जोरात भांडली ती ज्योत्स्ना.

यंत्रामागची गोष्ट साधी होती. कॅमेऱ्यात भिंगामागे नखाएवढी चिप असते आणि तिच्यावर कोट्यवधी सूक्ष्म कप्पे. प्रकाश पडला की प्रत्येक कप्पा तो मोजतो. बनवताना हे कप्पे एकसारखे करायची कितीही खटपट केली तरी एखादा केसभर जास्त मोजतो, एखादा केसभर कमी. ही खोट जन्माची. त्या कॅमेऱ्याच्या प्रत्येक फोटोत ती फिकट जाळीसारखी उतरते, डोळ्यांना दिसत नाही. आंधळगावचे जुने विणकर कोसा रेशमाच्या कापडावरून बोट फिरवून सांगतात, हे अमक्याच्या मागावरचं, तसंच हे. पोलिसांच्या प्रयोगशाळांना ही युक्ती जुनीच ठाऊक होती, पण त्यासाठी कॅमेरा हाताशी लागायचा आणि मूळ फोटो लागायचे. काही गणितज्ञांनी ती जाळी एकाच फोटोतून, तोही लहान केलेला, दाबून पाठवलेला असला तरी, उपसून काढायची रीत शोधली. आणि एकदा जाळी हाती आली की जगात उघड्यावर असलेल्या सगळ्या फोटोंशी ती पडताळायला पाच-सात मिनिटं पुरत. यंत्राने रंगवलेल्या चित्राला अशी जाळी नसतेच. खोटं चित्र त्यावरून ओळखू यायचं.

कौल झाला. सगळ्यांनी आपापले कॅमेरे नोंदवले, ज्योत्स्नाने आपला फोन नोंदवला. नवी चित्रं आधी तपासली गेली. जुन्यांची पाळी आता आली होती.

चारशे बारा. तिला लगेच उमजलं. ते फोटो हेमराजने काढले होते, तिच्या नवऱ्याने. लग्नाच्या दहाव्या वर्षी घेतलेला काळा कॅमेरा त्याच्या गळ्यात असायचा. आठवडी बाजारात मासे विकणाऱ्या ढिवर बायांच्या पाट्यांपुढे उकिडवं बसून, तलावात मांडीभर पाण्यात उभं राहून, त्याने ते काढले होते. चढवायला ती बसायची. "हे काम कोणाचे?" या प्रश्नापुढे ती "स्वतःचे" यावर बोट ठेवायची. घरचाच कॅमेरा, घरचाच माणूस. बारा वर्षांत एकदाही तिला यात काही खुपलं नव्हतं.

मान्य करायचं, माफी मागायची, त्याचं नाव लिहायचं. शरमेची गोष्ट होती, पण सुटण्यासारखी होती. तिने अहवाल उघडला आणि खाली सरकली. शेवटी एक ओळ होती: "याच ठशाची इतर ठिकाणी आढळलेली छायाचित्रे: ९."

तिने ती उघडली आणि स्टुलावर बसली.

ते नऊ फोटो ज्याने पाहिले नव्हते असा माणूस तालुक्यात नव्हता. मागच्या वर्षी मे महिन्यात ते निनावी आले होते. तलावाकाठच्या कागद कारखान्याच्या मागच्या बाजूने एक नळ निघतो, आणि त्यातून पहाटे काळं पाणी तलावात सोडलं जातं, ते त्यांत दिसत होतं. आठ फोटो नळाच्या तोंडाचे. नववा भिंतीच्या आतला, उघड्या व्हॉल्व्हचा. त्यावरून पर्यावरणाच्या लवादापुढे प्रकरण गेलं, कारखान्याला आठ महिने टाळं लागलं. उघडला तेव्हा निम्म्या लोकांना परत बोलावलं नाही. त्यांत ज्योत्स्नाचा धाकटा भाऊ देवानंद होता. मोरेश्वर गणवीर नावाच्या कंत्राटी कामगारावर संशय घेऊन त्याला काढलं, आणि कारखान्याने काढलं ते कमी म्हणून गावाने त्याच्या दारावर दगड मारले. तो बायकोपोरं घेऊन रायपूरला गेला.

आणि हेमराज त्याच कारखान्यात सोळा वर्षं होता, सांडपाणी शुद्ध करायच्या विभागात.

तो पहिल्या पाळीहून घरी आला होता आणि ओसरीवर लाखोळीची भाजी खुडत बसला होता. ज्योत्स्नाने पिशवी खाली ठेवली.

"अहो, कॅमेरा मागच्या वर्षी उन्हाळ्यात कोणाला दिला होता का?"

"नाही. काहून?"

तिने फोन त्याच्या पुढ्यात धरला. आपलंच जुनं अक्षर अचानक समोर यावं तसा तो पहिल्या फोटोकडे बघत राहिला. मग भाजी बाजूला सारली.

"यात माझं नाव कुठं आहे?"

"नाव नाही. कॅमेऱ्याचा ठसा आहे. यंत्राने माशांचे फोटो आणि हे, एका गाठीत बांधलेत."

"तुझ्या यंत्राने."

"हो."

शेजारी कोणीतरी भात मळणीची गोष्ट मोठ्याने सांगत होतं. ते लांब गेल्यावर तो हळू आवाजात म्हणाला, "पाणी स्वच्छ आहे म्हणून रजिस्टरात सही माझी असायची. नऊ वर्षं केली. मागच्या वर्षी तू काटव्याचा लेख सुधारत होतीस. शेवटी लिहिलंस, 'सध्या या तलावात आढळत नाही.' मले विचारलंस, याला संदर्भ काय देऊ? संदर्भाशिवाय वाक्य राहत नाही म्हणालीस."

तिला आठवत होतं. तो तेव्हा जेवत होता आणि तिने सहज विचारलं होतं. शेवटी ते वाक्य तिने स्वतःच काढून टाकलं होतं.

"मग मी संदर्भ काढून आणला," हेमराज म्हणाला.

"मला का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर तू लेखात टाकलं असतं."

तेही खरं होतं.

त्या आठवड्यात ज्योत्स्नाने सुटकेच्या सगळ्या वाटा चाचपून पाहिल्या. तीन होत्या. पहिली, फोटो काढणाऱ्याचं नाव द्यायचं. मग ते नाव ठशाला जोडून जनकोशाच्या ठशांच्या उघड्या वहीत जाणार. कोणीही ते नऊ फोटो वहीत घातले की समोर हेमराज कापगते. दुसरी, गप्प बसायचं. मग चारशे बारा फोटो काढले जाणार आणि ठसा "बेवारस ठसे" या यादीत लागणार, बाकीच्या नऊ फोटोंच्या दुव्यांसकट, आणि चित्रं कोणाच्या खात्यातून आली तेही त्यात असणार. तिथून कापगत्यांच्या ओसरीपर्यंत यायला शहाणपण लागत नव्हतं. शिवाय ते मासे जाणार होते. ढिवरांच्या सोसायटीने लवादापुढे जे कागद ठेवले होते, त्यांत या तलावात पूर्वी काय काय होतं याचा एकमेव पुरावा म्हणजे तिच्या लेखांतली तारीखवार चित्रं. काटवा गेला होता, त्याचा फोटो तेवढा उरला होता.

तिसरी वाट तिने स्वतःशीही उच्चारली नाही.

तिने विनंती लिहिली. एका माणसाच्या जिवाचा प्रश्न आहे, बाहेरच्या नऊ फोटोंचे दुवे उघड करू नयेत. कोणाचा, कोणते, हे लिहिता येत नव्हतं. उत्तर विनम्र होतं. नियम सातवा: "कोणाच्याही सोयीसाठी नोंद झाकली जाणार नाही." खाली नियमाचा इतिहास जोडला होता. मसुदा मांडणारी सदस्य: ज्योत्स्ना का. त्या वेळी एका बड्या संपादकाने आपली नोंद झाकायला सांगितली होती, आणि तिने त्याला अडवण्यासाठी हे कलम घातलं होतं. चर्चापानावर लोक तिच्या शब्दांनी तिलाच उत्तरं देत होते. सभ्य, मुद्देसूद, संदर्भासहित. शिष्टाचाराचा भंग कोणी करत नव्हतं. एखाद्याने शिवी दिली असती तर तिला बरं वाटलं असतं.

रविवारी देवानंद आला. कारखान्यातून सुटल्यापासून तो साकोली-लाखांदूर काळीपिवळी चालवत होता. चहा घेताना म्हणाला, "ताई, तुया त्या कोशात म्हणे फोटो कोणी काढला ते समजते आता."

"कधी कधी समजतं."

"मग तो फोटूवाला काढून दे ना. आम्ही पन्नास जण हावो. तो मोरेश्वर नाई म्हणते आता लोक. आतलाच कोणी आहे." त्याने कप खाली ठेवला. "मारणार नाई आम्ही. फक्त विचारणार, तुया घरचे जेवले का आठ महिने."

हेमराज समोर बसून सुपारी कातरत होता. त्याचा अडकित्ता क्षणभरही थांबला नाही. देवानंद त्याच्याकडे वळला, "काय भाऊजी, बरोबर आहे का नाई?"

"बरोबर आहे," हेमराज म्हणाला.

काळीपिवळी वळणाआड गेल्यावर तो आत आला. "माझं नाव टाकून दे," तो म्हणाला.

"वेडे झालात का?"

"मोरेश्वर माझ्यापायी गेला. रोज त्याचं कुलूप लावलेलं दार बघत कामावर जातो मी. आणि दुसरं." तो थांबला. "चारशे बारा फोटो. त्यांतल्या एकाखाली तरी लिहायचं होतंस. मी कधी म्हटलं नाही. पण लेख उघडला की खाली बघायचो."

ज्योत्स्ना जागीच उभी राहिली. दुसऱ्यांच्या चित्रांखालचं नाव तिने किती वेळा दुरुस्त केलं होतं. एक वेलांटी चुकली तरी.

"तुम्हाला ते जिवंत ठेवणार नाहीत," ती शेवटी म्हणाली. "आणि कारखाना वेगळा. आतले फोटो बाहेर दिले म्हणून खटला भरतील. नऊ वर्षांच्या सह्या आहेत तुमच्या रजिस्टरावर. ते म्हणतील, पाणी यानेच सोडलं, यानेच फोटो काढले."

"मग काय करतेस?"

तेव्हा तिला तिसरी वाट सांगावी लागली. ती आठवडाभर तिच्या मनात होती आणि तिच्याकडे बघायचं ती टाळत होती. कॅमेरा आपला आहे हे सिद्ध करता येतं. यंत्र एक शब्द देतं, तो कागदावर लिहून दहा मिनिटांत त्याच कॅमेऱ्याने फोटो काढून पाठवायचा. पडताळणी करणाऱ्या सदस्यापुढे हो म्हणायचं. "मी कारखान्यात कामाला नाही. माझी सही कुठे नाही. मे महिन्यात तलाव आटतो, मासे बघायला मी गाळातून कुठेही जाते हे गावाला ठाऊक आहे. बाईमाणूस, देवानंदची बहीण. माझ्या अंगाला कोणी हात लावणार नाही."

हेमराजने तिच्याकडे पाहिलं. "म्हणजे तेही तुझे."

"अहो..."

"नाही, बरोबर आहे तुझं," तो म्हणाला आणि कपाटातून कॅमेरा काढून आणला.

पडताळणी सुहास पेडणेकरांकडे आली होती. एकसष्ट फोटो गेल्यावरही ते जनकोशावर टिकून राहिले होते, हे तिला त्या दिवशी पडद्यावर त्यांचा चेहरा दिसला तेव्हा कळलं. साठीचे, कानांवर पांढरे केस, मागे भिंतीवर कॅलेंडर. त्यांनी नमस्कार केला. यंत्राने शब्द दिला, "पाणकावळा." ज्योत्स्नाने तो लिहिला. कॅमेरा तिच्या हातात जड लागला. पडद्याच्या कक्षेबाहेर उभ्या असलेल्या हेमराजने दोन बोटांनी खूण केली: अर्धं दाब, थांब, मग पूर्ण. तिने फोटो काढला. यंत्राने होकार दिला.

"आता मला विचारायचं आहे तेवढं विचारतो," पेडणेकर म्हणाले. "हे चारशे बारा फोटो तुम्ही काढलेत?"

"हो."

"आणि याच ठशाचे नऊ फोटो दुसरीकडे आहेत. मी ते पाहिले. तेही तुमचेच?"

खोलीत हेमराजचा श्वास ऐकू येत होता.

"तेही."

पेडणेकरांनी चष्मा काढून पुसला. "मी सद्भाव गृहीत धरतो," ते म्हणाले आणि नोंद केली. मग बोलणं संपवायचं सोडून थोडं थांबले. "कापगतेबाई, एक सांगू? वडिलांचे फोटो मी स्वतःचे म्हणून चढवले असते तर तेव्हा तुम्हाला कळलं नसतं. कॅमेरा माझ्याकडेच होता. मनात आलं होतं."

"मग का नाही चढवलेत?"

"माझे नव्हते ते," पेडणेकर म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. त्यांनी पुन्हा नमस्कार केला आणि पडदा काळा झाला.

चारशे बारा चित्रांखाली हिरवी खूण आली: प्रमाणित. आजवर त्यांच्याबद्दल जे खोटं चुकून लिहिलं गेलं होतं, ते आता यंत्राने तपासून खरं ठरवलं होतं. कोणी ते बदलू शकत नव्हतं. प्रचालकही नाही.

चार दिवसांत बातमी तालुकाभर झाली. देवानंद आला तो ओसरीवर चढलाच नाही. अंगणात उभं राहून त्याने विचारलं, "ताई, तूच काढले का?"

"हो."

त्याची नजर तिच्या खांद्यावरून मागे गेली. हेमराज दारात उभा होता. "भाऊजीले माहीत होतं?"

"नाही," ज्योत्स्ना म्हणाली. "त्यांना काहीच माहीत नव्हतं."

"तुया बारशाचा पाळणा माया घरी आहे, तो पाठवून देतो," देवानंद म्हणाला. घरात लहान मूल नव्हतं, पाळण्याचा प्रश्नच नव्हता. पण तोडायला काहीतरी धागा लागतो. तो गेला आणि दुसऱ्या दिवशी पाळणा खरंच आला, काळीपिवळीच्या टपावर बांधून, दुसऱ्या ड्रायव्हरबरोबर.

मग लवादाचं समन्स आलं. कारखान्याच्या वकिलाने हरकत घेतली होती. आठ फोटो बाहेरचे आहेत, ते कोणीही काढेल. पण नववा आतला आहे. कॉलेजातली एक सहायक बाई आत कशी गेली ते तिने सांगावं.

आत कसं जायचं हे ज्योत्स्नाला ठाऊक नव्हतं. तिने कारखान्यात कधी पाऊलही टाकलं नव्हतं.

त्यानंतरचा महिना ती दोघं संध्याकाळी दार लावून बसत. हेमराज सांगायचा, ती ऐकायची. तलावाच्या अंगाला भिंत आदल्या पावसात खचली होती, कमरेएवढं भगदाड होतं, त्यातून आत शिरायचं. डाव्या हाताला गंजलेली पिंपं. मग खाली उतरणाऱ्या अकरा पायऱ्या, सातवी फुटलेली. व्हॉल्व्हचं चाक निळं, त्याच्या एका आऱ्याला सुतळी बांधलेली, किती फिरवायचं त्याची खूण म्हणून. वास सडक्या कोबीसारखा, डोळ्यांना आधी झोंबतो, नाकाला मागाहून. तो शिकवत होता आणि ती पाठ करत होती. चुकली की तो थांबवायचा. "सातवी. आठवी नाही." सुरुवातीला सांगताना त्याचे हात हलायचे, चेहरा त्या पहाटेचा व्हायचा; एवढ्या वर्षांत त्याला इतकं बोलताना तिने पाहिलं नव्हतं. हळूहळू तीच सलग सांगू लागली आणि तो नुसता मान हलवू लागला.

एकदा मध्येच ती म्हणाली, "मी खरं सांगून टाकते लवादाला."

"आता?" हेमराज म्हणाला. "आता खरं सांगितलंस तर तू खोटारडी. मग नऊही गेले आणि चारशे बाराही. मासे कोणी मानणार नाही."

तिला ते ठाऊक होतं. त्याच्या तोंडून ऐकायचं होतं, एवढंच.

नागपूरला ती पाऊण तास बोलली. वकील हुशार होता, आडून विचारत होता. पायऱ्या किती, चाक कोणत्या रंगाचं, उजेड कुठून येत होता. ज्योत्स्ना शांतपणे सांगत गेली. बरण्यांवरच्या चिठ्ठ्या वाचून दाखवाव्यात तसं तिने सुरू केलं होतं, पण मध्येच कुठेतरी तिचा आवाज बदलला. वकिलाने विचारलं, वासाने तुम्हाला भोवळ आली नाही? हा प्रश्न त्यांनी घरी घेतला नव्हता. ती म्हणाली, "आली. मी पदर तलावाच्या पाण्यात भिजवून आणला होता, तो नाकाला लावला. पण पाण्यालाही तोच वास होता." मागच्या बाकावर ढिवर सोसायटीच्या बाया बसल्या होत्या, त्यांतल्या एकीने डोळ्यांना पदर लावला. हेमराज त्यांच्या मागे होता.

नऊही फोटो ग्राह्य धरले गेले. माशांची चित्रंही. तो नळ कायमचा बुजवायचा हुकूम निघाला. परवानगीशिवाय आत शिरल्याबद्दल कारखान्याने तिच्यावर तक्रार केली, ती पुढे वर्षभर चालायची होती. मोरेश्वर गणवीरचं नाव त्या दिवशी निर्दोष म्हणून कागदावर आलं. जनकोशावर तिच्या पानावर सत्तावीस जणांनी अभिनंदन लिहिलं. एकाने लिहिलं, "प्रताधिकाराचा आग्रह धरणाऱ्या सदस्याने स्वतःच्या कामाची जबाबदारी कशी घ्यावी याचा हा वस्तुपाठ." पेडणेकरांनी काही लिहिलं नव्हतं.

परतीच्या एसटीत दोघं शेजारी बसले. वैनगंगेचा पूल गेल्यावर हेमराज म्हणाला, "पदराचं तुला कसं सुचलं?"

"तुम्ही रुमाल लावला असेल ना. मी तोच पदर केला."

"मी काहीच लावलं नव्हतं." तो समोरच्या सीटच्या पाठीकडे बघत होता. "दोन्ही हात कॅमेऱ्याला होते."

थोड्या वेळाने तो पुन्हा बोलला. "मघाशी तू सांगत होतीस तेव्हा मी डोळे मिटले होते. म्हटलं, बघू तरी. भगदाड दिसलं, पायऱ्या दिसल्या, ते निळं चाक. पण तिथं मी नव्हतो, ज्योत्स्ना. तू होतीस. ओला पदर घेऊन."

ज्योत्स्नाने त्याच्या हातावर हात ठेवला. त्याने तो झटकला नाही आणि धरलाही नाही. कंडक्टर तिकिटं तपासत येत होता. त्याने तिला ओळखलं आणि हसून विचारलं, "तुम्हीच ना त्या फोटोवाल्या बाई?"

हेमराजने मान वर केली. "हो," तो म्हणाला, "याच."